स्पीकरची वाटणी

टॉवर स्पीकर कुठले घ्यावेत, असं मला कुणी विचारलं की हल्ली माझं डोकंच फिरतं. परवा आमच्या चऱ्होलीच्या सोसायटीत नवीन राहायला आलेलं एक जोडपं मोठ्या आशेनं दारात उभं राहिलं. "काका, तुम्ही आवाजातले एक्सपर्ट ना? आम्हाला हॉलमध्ये होम थिएटर करायचंय." मी म्हटलं, "करू नका. त्यापेक्षा एकमेकांशी बोला," आणि दार लावून घेतलं. बायको आतून म्हणाली, "अहो, असं वस्सकन काय अंगावर जाता लोकांच्या?" थोड्या वेळानं तिनं आपणहून विचारलं, "तात्या आठवले का?"

आठवणार नाहीत तर काय!

तात्या आमचे घरमालक. कंपनी चाकणला हलली तेव्हा मी अलीकडच्या एका गावात भाड्यानं जागा घेतली. आधी त्यांच्या पत्र्याच्या खोल्यांत, आणि मग त्यांनी बंगला बांधल्यावर वरच्या मजल्यावर. गावात तेव्हा अर्धी शेती होती आणि अर्ध्या शेतीला कंपन्यांची तारेची कुंपणं पडली होती. कंपनीत माझं काम आवाजाचं. म्हणजे गाडी चालताना कुठं खडखड होते, कुठून घरघर येते, ते हुडकायचं आणि बंद करायचं. पहिल्याच दिवशी हे मी तात्यांना सांगितलं, तर ते म्हणाले, "म्हंजी आवाज बंद करायचा पगार घेता व्हय? मंग आमच्या हिच्यावर कायतरी विलाज करा की, सायेब."

मावशी, म्हणजे तात्यांच्या बायको, चुलीपुढून ओरडल्या, "मी गप बसले तर या घरात बोलंल कोण? तुमचा तो मुका बैल?"

मावशींचा आवाज मोठा होता. वाफ्याच्या या टोकाहून हाक मारली तर त्या टोकाचा माणूस दचकून उभा राहायचा. तात्या त्यांना कायम चिडवायचे, पण त्या माहेरी गेल्या की यांना घर खायला उठायचं. वर येऊन आमच्या बायकोला म्हणायचे, "ताई, जरा भांडी आपटा की. लईच गप-गप झालंय खाली."

अंगानं तात्या किडकिडीत. पायजमा, सदरा, टोपी आणि खांद्यावर उपरणं. ते उपरणं त्यांनी झोपताना तरी काढलं असेल का याची मला शंका आहे. कुठलीही वस्तू हातात आली की आधी ती बोटाच्या पेरानं ठोकून बघायची. कलिंगड ठोकतील हे समजू शकतो, पण ते दार ठोकायचे, कुलूप ठोकायचे, आमची नवी वॉशिंग मशीन ठोकायचे. एकदा कंपनीतले माझे साहेब घरी आले होते. तात्यांनी त्यांच्या गाडीचं बॉनेट ठोकून बघितलं आणि मान हलवली. साहेबांचा चेहरा पडला.

आणि वाटण्याची खोड. खोड कसली, व्यसनच ते. चहा झाला की सगळे कप एका रांगेत ठेवायचे आणि या कपातला थेंब त्या कपात, त्यातला याच्यात, असं करत सगळ्यांची पातळी एक होईपर्यंत कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. तोवर चहाचं पाणी व्हायचं. थोरल्या दत्ताच्या पोराला फुगा आणला तर धाकट्या नितीनच्या पोरीलाही फुगा, आणि तोही त्याच रंगाचा. रंग वेगळा निघाला तर दुकानात परत. मी एकदा म्हटलं, "तात्या, पोरीला लाल आवडतो, पोराला निळा. तुम्ही दोघांना हिरवा आणलात. आता दोघंही रडतायत." तर म्हणाले, "रडूंद्या. सारखं रडत्यात ना? मंग झालं. बापानं डावं-उजवं केलं असं मला मेल्यावरबी कुनी म्हनाय नको."

हे मला तेव्हा गमतीचं वाटायचं.

त्यांची शेवटची जमीन एका कंपनीला गेली तेव्हा मी तिथंच होतो. सगळ्या गावाला वाटलं म्हातारा खचणार. पण तात्या काही रडले-बिडले नाहीत. बंगला बांधला, दोन्ही पोरांना सारख्या गाड्या घेतल्या, सुनांना सारखे दागिने केले. घरात सुबत्ता आली आणि घर बघता बघता पांगलं. म्हणजे एकाच बंगल्यात सगळे, पण आपापल्या खोलीत, आपापल्या मोबाइलमध्ये. कोण कधी जेवतं, कधी बाहेर जातं, कुणाला पत्ता नसायचा. एका रविवारी तात्या वर माझ्याकडे आले आणि म्हणाले, "सायेब, कांदा काडायला आला की आमी समदी एका वाफ्यात बसायचो. सुना, पोरं, ही. दिसभर भांडायची, पर एका ठिकानी. आता एका ठिकानी बसायला कामच ऱ्हायलं न्हाई. काम न्हाई तर मानसं कशाला बसत्याल?"

त्यावरचं उत्तर त्यांनी आधीच शोधलं होतं. कुणा बिल्डरच्या घरी वास्तुशांतीला गेले होते, तिथं त्यांनी होम थिएटर पाहिलं होतं. मोठा पडदा, पुढं छातीएवढे दोन टॉवर, आणि घरातली यच्चयावत माणसं त्यापुढं बसलेली. पडद्यावर काय होतं ते त्यांना आठवत नव्हतं. माणसं बसली होती, एवढंच त्यांनी बघितलं होतं.

"तुमी आवाजातले. चला माज्यासंगं."

आम्ही चिंचवडला एका शोरूममध्ये गेलो. विक्रेता तरुण, टाय लावलेला, बोलण्यात इंग्रजीच जास्त. त्यानं धडाधडा गाणी लावली, जमीन हादरवून दाखवली. तात्यांनी कानावर हात ठेवले आणि टॉवरच्या भोवती प्रदक्षिणा घातली. मागून बघितलं, खालून बघितलं, पेरानं ठोकलं. मग दुसऱ्यापाशी जाऊन तेच. चाकणच्या बाजारात बैल बघतात तसं सगळं चाललेलं. त्या विक्रेत्याला वाटलं, गिऱ्हाइकाला काही कळत नाही. तो माझ्याशीच बोलायला लागला. मी नेहमीचं सांगितलं. हॉल केवढा आहे ते आधी बघा, नुसत्या वॉटच्या आकड्यावर जाऊ नका, माणसाचं बोलणं स्वच्छ कळतं का ते ऐका, दोन्ही टॉवर एकाच बनावटीचे हवेत.

"म्हंजी जोड लागला पायजे," तात्या म्हणाले. "एक पळणारा, एक बसणारा चालनार न्हाई. हे बराबर हाय."

पसंती झाली आणि सौद्याची वेळ आली. तात्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, त्या पोराचा हात धरला, वर उपरणं टाकलं आणि आतून त्याची बोटं दाबायला सुरुवात केली. बैलबाजारात भाव असाच ठरतो, उपरण्याखाली, बोटांनी, म्हणजे शेजारच्याला कळत नाही. त्या पोराला हे काय माहीत! तो लालबुंद झाला. हात सोडवायला बघतोय, तात्या सोडेनात, आणि वर डोळे मिचकावून म्हणतायत, "बोला की. लाजता काय?" शेवटी मॅनेजर धावत आला. मॅनेजर मूळचा मंचरकडचा निघाला. त्यानं उपरण्याखाली हात घातला, दोघांची बोटाबोटी झाली आणि सौदा पटला. परतताना गाडीत तात्या म्हणाले, "त्या टायवाल्याचं लगीन झाल्यालं दिसत न्हाई." मी इतका हसलो की मोशीच्या चौकात गाडी बंद पडली.

मांडणीचा दिवस तर विचारू नका. मावशींनी नारळ फोडला, सुनांनी औक्षण केलं, आणि मावशींनी कुंकवात बोट बुडवून थेट टॉवरच्या वरच्या, आवाज देणाऱ्या नाजूक पडद्याकडे नेलं. मी ओरडलो, "मावशी, तिथं नको!" मावशींनी त्याहून मोठ्यानं विचारलं, "मंग कपाळ कुठलं याचं?" शेवटी लाकडावर बोट टेकवायची तडजोड झाली. पण हॉल म्हणजे नुसती फरशी आणि काच. टाळी वाजवली तर चार टाळ्या ऐकू यायच्या. मी सांगितलं की जाड पडदे लावा, गालिचा टाका, भिंतीवर मऊ काहीतरी हवं. तात्यांनी माळ्यावरून मावशींनी शिवलेल्या गोधड्या काढल्या आणि त्या भिंतीवर खिळे मारून टांगल्या. सुनांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. नितीनची बायको पुटपुटली, "लोकांच्याकडं पेंटिंग असतात." पण मी सांगतो, त्या गोधड्यांनी हॉल सुधारला. टॉवर भिंतीपासून पुढं ओढले, किंचित आत वळवले, मधला स्पीकर पडद्याखाली ठेवला, आणि मी टेपनं मापं घेऊन एका खुर्चीची जागा खडूनं आखली. "तात्या, इथं बसलं की दोन्हीकडचा आवाज अगदी सारखा येतो. ही मालकाची जागा. तुमची."

तात्यांचा चेहरा उतरला. "आनि बाकीच्यांना?"

"थोडं इकडं-तिकडं. एवढं कळत नाही."

"तुमाला कळतं का न्हाई?"

"मला कळतं, पण…"

"मंग ते न्हाई चालायचं."

मी दिवसभर डोकं आपटलं. भौतिकशास्त्र म्हणजे काही ग्रामपंचायत नव्हे, ठराव करून बदलत नाही, असंही म्हणालो. तात्या हलले नाहीत. शेवटी त्यांनी निकाल दिला की त्या आखलेल्या जागी कुणीच बसायचं नाही. सगळे तिच्या दोन्ही बाजूंना बसतील. आणि खरंच, त्या घरात सगळ्यात उत्तम जागा वर्षानुवर्षं रिकामी राहिली. पुढं पुढं मावशी तिथं पथारी टाकून झोपायच्या. सिनेमा लागला की पाचव्या मिनिटाला घोरायच्या.

पहिल्या संध्याकाळी दत्ताच्या लग्नाची सीडी लावली. सगळं घर आलं. स्वयंपाकघरातून हात पुसत सुना आल्या, नातवंडं आली, आम्हीही खाली गेलो. उजव्या टॉवरमधून सनई आली, मधल्यातून भटजी. "आई, बघ, तुझी हाक!" नितीन ओरडला, आणि खरंच, त्या गर्दीत कुठंतरी मावशी कुणाला तरी पंगतीला बोलावत होत्या. सगळे पोट धरधरून हसले. तात्या कुठं आहेत म्हणून मी बघितलं, तर त्यांनी खुर्ची उलटी फिरवली होती. पडद्याकडे पाठ आणि तोंड घरच्यांकडे. आपली माणसं एका ठिकाणी बसलेली बघत ते तसेच शेवटपर्यंत बसले. त्या माणसाला त्याहून जास्त काही नको होतं, आणि तेवढंसुद्धा त्याला मिळू नये याची मला आजही चीड येते.

काही वर्षं ते टिकलं, नाही असं नाही. रविवारी संध्याकाळी खालून हाक यायची, "सायेब, या, लावलंय!" कुस्त्या लागायच्या, बारशी, डोहाळजेवणं, पाव्हण्यारावळ्यांची लग्नं. खंडेनवमीला कोयता-विळ्यांबरोबर टॉवरलाही झेंडूच्या माळा असायच्या.

मग आम्ही चऱ्होलीला स्वतःच्या घरात राहायला गेलो, आणि तिकडे भंगाराचं कंत्राट आलं. त्यांच्याच जुन्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या कंपनीचं भंगार उचलायचं काम. कंपनीनं ते एकालाच द्यायचं ठरवलं. दत्ता म्हणाला, थोरला मी. नितीन म्हणाला, ओळख माझी. नितीनला मिळालं. दत्तानं गेटवर गाड्या अडवल्या, एकमेकांची कॉलर धरली, पोलीस आले. पत्रे, तारा आणि लोखंडाचा चुरा, याच्यापायी सख्खे भाऊ बोलायचे थांबले. थू!

वाटणी करायचं ठरलं तेव्हा तात्यांनी मला मुद्दाम बोलावलं. गावातली चार मोठी माणसं होती. मी कोपऱ्यात बसलो. तात्यांनी सगळं इतकं बारकाईनं वाटलं की कुणाला शब्द काढायला जागा ठेवली नाही. बंगल्याच्या मधोमध भिंत घालायची. ती हॉलमधून जाणार, इलाज नव्हता. कपाटं, भांडी, गाद्या सगळं निम्मं-निम्मं. मग टॉवरशी आले.

"एक दत्तूला, एक नितीनला."

मला राहवलं नाही. "अहो तात्या, ती जोडी आहे! एकट्याचा काही उपयोग नाही. कुणालातरी एकाला द्या, दुसऱ्याला नवे घ्या."

तात्यांनी हातानंच मला थांबवलं. मंडळी चहाला उठली तेव्हा मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुमाला वाटतंय म्हाताऱ्याला कळत न्हाई. मला समदं कळतंय. माजी आन् माज्या भावाची वाटनी झाली तवा आमच्या बापानं आमाला एकेक बैल दिला. जोडी फोडली. लोकं हसली. पर एका बैलावर नांगुर चालतो का? पेरनी आली की मला त्याच्या दारात जावं लागायचं आन् त्याला माज्या. तोंड बगायची इच्छा नसायची, तरीबी बैलाला बैल जोडून सावड करावीच लागायची. त्या सावडीनं त्यो मरस्तोवर आमी भाऊ ऱ्हायलो. आता समजलं का? दिवाळी आली, लगीन निगालं, का लागलंच की दोगांना टावर जोडायला. एकाच्या घरात वाजवायचं म्हनलं तर दुसऱ्याला बलवावंच लागंल."

त्यांचे डोळे चमकत होते. आपण फार मोठी युक्ती केली या खुशीत होते ते. बैलाशिवाय पेरणी होत नाही, पण टॉवरशिवाय दिवाळी होते, हे त्या माणसाला कुठल्या तोंडानं सांगायचं?

आणि मग त्यांनी शेवटची वाटणी केली. पंचांपुढं उभे राहिले, उपरणं नीट केलं आणि म्हणाले, "मी दत्तूकडं. ही नितीनकडं."

मावशी भिंतीला टेकून बसल्या होत्या. नेहमी सगळ्यांच्या वर बोलणारी बाई. ती एवढंच म्हणाली, "मलाबी वाटून टाकलं का?"

"अगं, दोगांच्यात एकेक असलं की येनं-जानं ऱ्हातं. तुज्यासाठी दत्तू तिकडं येईल, माज्यासाठी नितीन हिकडं येईल. चार दिस जाऊंदे, बग तू."

हा त्यांचा हिशेब. यात कपट नव्हतं, स्वार्थ नव्हता. पोरं एकत्र यावीत म्हणून त्या माणसानं स्वतःची बायको तोडून दिली. मला तेव्हाही वाटलं की उठावं आणि ओरडावं. पण पंच माना डोलावत होते. एक म्हातारा तर म्हणाला, "याला म्हनत्यात न्याव." न्याय म्हणे!

दिवाळी आली. दत्तानं एकच टॉवर लावला. मी फराळाला गेलो होतो, अर्धं गाणं ऐकू येत होतं, गाणारी बाई होती आणि तबला भिंतीपलीकडे गेला होता. दत्ताला काही फरक पडत नव्हता. आवाज मोठा आहे ना, बास. नितीननं तर त्याच्या वाटणीचा टॉवर बाल्कनीत ठेवून त्यावर मनीप्लँट चढवला होता आणि टीव्हीखाली स्पीकरची एक नवीन लांबडी पट्टी आणून बसवली होती. कुणी कुणाच्या दारात गेलं नाही. त्या दिवाळीला नाही, पुढच्याही नाही. नितीनकडे जागरण-गोंधळ झाला, दत्ताला आमंत्रण नाही. दत्ताच्या पोराची मुंज नव्हे, पण शाळेतला पहिला नंबर वगैरे काहीतरी होतं, मोठा मंडप घातला, नितीनच्या बाजूला मंडपाची पाठ. तात्या प्रत्येक वेळी म्हणायचे, "यंदा न्हाई जमलं. पुडच्या बारीला."

सुरुवातीला तात्या आणि मावशी परसात भेटायचे. तिथं धुण्याचा दगड होता. मावशी धुणं घेऊन यायच्या, तात्या दात घासायला. पण मग परसाच्या हद्दीवरून वाद झाला आणि नितीननं मधे पत्रे ठोकले. तरी मारुतीच्या देवळात गाठ पडायची. मग मावशींचे गुडघे गेले, देवळात जाणं बंद झालं.

एकदा तात्या सरळ नितीनच्या दारात गेले. सुनेनं वाईट वागवलं नाही हो! "बसा मामा," म्हणाली, सरबत दिलं, पाव्हण्याला द्यावं तसं. तात्या मावशींशेजारी थोडा वेळ बसून आले. दत्ताला कळलं. त्यानं त्या दिवशी घरात जी भांडी फेकली ती वेशीपर्यंत ऐकू गेली. "त्यांचंच सरबत प्यायचं तर त्यांच्यातच राहा! इकडं कशाला गिळायला येता?" हे तात्यांनीच मला सांगितलं, खाली बघत. म्हणाले, "न्हाई गेलो मंग. ह्या वयात कुनाच्या पोटात कशाला दुकवायचं?"

मी दत्ताला गाठून चांगला झापला. म्हटलं, लाज वाटत नाही का, म्हाताऱ्याला बायकोला भेटायची परवानगी काढायला लावतोस? दत्तानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काका, तुम्ही भाडेकरू होतात. भाडेकरूसारखं राहा. वाटणी तात्यांनी केली, मी नाही." आणि त्यातलं शेवटचं वाक्य खरं होतं, म्हणून मला जास्त झोंबलं.

राहिली ती भिंत. तात्यांनी आपली कॉट त्या भिंतीला लावून घेतली. पलीकडे मावशींची खाट. मधे एका विटेची भिंत, आवाज जायचा. मावशी सुनेला हाका मारायच्या ते ऐकू यायचं, भांडं पडलेलं ऐकू यायचं. "आज खोकला कमी हाय," तात्या मला सांगायचे. "काल तापली हुती, कन्हत हुती. आज बरी हाय. नातीला गोष्ट सांगत हुती, पार निम्मी चुकीची." त्यांचा सगळा संसार आता एवढ्यावर चालला होता. पण दत्ता मोठ्यानं टीव्ही लावायचा, मग नितीन त्याहून मोठ्यानं. शेवटी नितीननं माणसं आणली आणि आपल्या बाजूनं भिंतीला पोकळ चौकट मारून आत आवाज खाणारी लोकर भरून घेतली, वर जाड फळ्या. काम चांगलं केलं होतं. मी बघितलं ना, कुठं फट ठेवली नव्हती.

शेवटचं भेटलो ते उन्हाळ्यात. मावशींना अर्धांगवायूचा झटका आल्याचं कानावर आलं होतं, म्हणून दुपारी गेलो. आधी नितीनच्या बाजूनं गेलो, त्याचं फाटक मागच्या रस्त्याला. कुलूप होतं. समोरच्या टपरीवाल्यानं सांगितलं, "आजींना सकाळीच ॲम्ब्युलन्समधून पिंपरीला नेलं. लई शिरियस होतं म्हणे." मी वळसा घालून दत्ताच्या फाटकाशी आलो. दत्ता गाडी पुसत उभा होता. मी विचारलं, तात्यांना माहीत आहे का? तो म्हणाला, "मला कळलंय. त्यांना नका सांगू, उगीच तमाशा होईल."

मी आत गेलो. तात्या कॉटवर गुडघे टेकून भिंतीला कान लावून बसले होते. फार वाळले होते. मला बघून त्यांनी बोट ओठांवर ठेवलं आणि जवळ बोलावलं.

"तुमी आवाजातले," हळूच म्हणाले. "मला वाटतं आज काय तरी येतंय ऐकू. बगा बरं. आत्ता खोकली न्हवं का?"

दत्तानं बजावलं होतं, पण दत्ता गेला खड्ड्यात. मी त्यांचा हात धरला. "तात्या, मावशी तिकडे नाहीत. सकाळी त्यांना पिंपरीच्या दवाखान्यात नेलंय. चला, माझी गाडी आहे. तासाभरात पोचू."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग भिंतीकडे. मग घाईघाईनं कॉटवरून उतरले, टोपी घातली, एका चपलेत पाय घातला. दुसरी शोधताना थांबले.

"दत्तूला इचारून येतो," म्हणाले.

"तात्या, विचारायचं काय त्यात? तुमची बायको आहे ती!"

"व्हय, व्हय. आलोच. तुमी गाडी काडा."

मी गाडी काढली. फाटकाबाहेर उन्हात इंजिन चालू ठेवून थांबलो. आतून दत्ताचा चढलेला आवाज येत होता. तात्यांचा येत नव्हता. बऱ्याच वेळानं दत्ताच बाहेर आला, हात पुसत. म्हणाला, "काका, तुम्ही निघा. तात्यांचं जेवण व्हायचंय." त्याच्यामागं दार उघडं होतं. तात्या टोपी घालून, एका पायात चप्पल तशीच ठेवून, ताटावर बसले होते, आणि सून वाढत होती. त्यांनी मान वर केली नाही.